सहावी-सातवी-आठवीतल्या मुलांच्या शाळेच्या बातम्या तुमच्यापर्यंत कशा पोचतात?

संगमाकाठची (धागाकर्ती)
५ नोव्हेंबर, रात्री ११:३५

मंडळी, आत्ताच नवऱ्याने शेजारच्या काकांच्या माळ्यावरून टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल मिळवून आणलाय. काका झोपले होते. त्यांना उठवलं, कारण पावणेअकराला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं: "उद्या विज्ञान प्रतिकृतीसाठी थर्माकोल, दोन बल्ब व वायर देणे. अनिवार्य." त्याखाली ओळीने जोडलेले हात.

थोडी पार्श्वभूमी. माहेर सांगली. जूनमध्ये आम्ही साताऱ्यात आलो, शाहूपुरीत राहतो. लेक सहावीत. पाचवीपर्यंत तिची शाळा म्हणजे एक बाई आणि एक वही. सहावीत एकदम प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, खेळाचे सर वेगळे, चित्रकलेचे वेगळे, आणि प्रत्येकाचं काही ना काही चालूच. ते सगळं त्या एका ग्रुपवर येऊन पडतं. सहलीची संमती, गॅदरिंगचा नाच, कुणाच्या तरी डब्याचं हरवलेलं झाकण, शुभ सकाळची फुलं. दिवाळीआधी एक पालक सभा माझ्याकडून अशीच निसटली. झाकणाच्या चर्चेखाली गाडली गेली होती.

तर विचारायचं हे, की या वयाची मुलं असणारे तुम्ही शाळेत काय चाललंय, पुढे काय आहे, याचा माग कसा ठेवता? आणि इथून मार्चपर्यंत काय काय येतं ते साताऱ्यातल्या जाणत्यांनी सांगा. सांगलीचं मला ठाऊक आहे, इथलं नाही.

गोडोलीचा_गडी
५ नोव्हेंबर, रात्री ११:४८

पावणेअकरा, थर्माकोल, दोन बल्ब. ताई, आपली पोरं एकाच वर्गात हायती जणू. शाळेचं नाव घेत नाय. मी राजवाड्यापातूर जाऊन आलो, समदी दुकानं बंद. शेवटी मालकिणीनं गणपतीची लायटिंगची माळ तोडली.

कायद्याचं_बोला
६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठा द्या.

गोडोलीचा_गडी
६ नोव्हेंबर, सकाळी ७:११

रात्री अकराला पुठ्ठा बी झोपलेला असतोय साहेब.

चार_भिंती
६ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

ताई, साताऱ्यात स्वागत. यादी लिहितो, पेन घ्या.

सुरुवात उद्याच आहे. ७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव राजवाड्यातल्या तेव्हाच्या गव्हर्नमेंट हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं. २०१७ मध्ये राज्य सरकारने हा दिवस विद्यार्थी दिवस ठरवला. बाकी महाराष्ट्रात मुलं यावर निबंध लिहितात, आपल्याला पायी जाऊन वास्तू बघता येते, तर लेकीला नक्की न्या. तिचं भाषण असेल तर एक सांभाळा. रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद १९१४ क्रमांकाला आहे. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी माईकवर ठणकावून सांगितलं, "बाबासाहेबांनी १९१४ साली शाळेत प्रवेश घेतला." त्या साली ते कोलंबिया विद्यापीठात होते. टाळ्या मात्र पडल्या.

मग १४ ला बालदिन, २६ ला संविधान दिन. उद्देशिका रोज परिपाठात म्हणतातच, त्यामुळे पाठांतराची चिंता नाही. डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन आणि सहली. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या आपल्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१ चा, त्यामुळे त्या दिवशी शाळा छोट्या सावित्रींनी भरून जाते. नऊवारी आत्ताच कुणाकडे तरी बोलून ठेवा, २ तारखेला मागून मिळत नाही. १५ जानेवारी खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, तोच राज्याचा क्रीडा दिन. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, हेलसिंकी १९५२ चं कांस्यपदक, हे पोरांना विचारतातच. मग २६ जानेवारीची कवायत. फेब्रुवारीत २७ ला मराठी आणि २८ ला विज्ञान, लागोपाठ. गॅदरिंग यातल्या कुठल्याही फटीत घुसवतात, त्याचं मला विचारू नका.

हिशेबी_बाप
६ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

यादी झकास, पण कळीचा प्रश्न निसटतोय. तारखा सगळ्यांना ठाऊक असतात. त्या दिवशी काय नेसायचं, किती पैसे द्यायचे आणि डबा न्यायचा की नाही, हे आदल्या रात्रीपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं.

आयर्विन_४०_फूट
६ नोव्हेंबर, दुपारी १:१५

सांगलीकराची हजेरी. माहेरवाशिणीचा धागा आहे म्हटल्यावर यावंच लागलं.

आमच्याकडे शाळेची सगळ्यात मोठी बातमी शाळेतून येतच नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून येते. जुलै-ऑगस्टात पोरं अंथरुणातूनच विचारतात, "आयर्विनला किती?" ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोयनेतून किती सोडलं ते भूगोलाच्या बाईंच्या आधी सातवीतल्या पोराला कळलेलं असतं, कारण त्यावर त्याची सुट्टी ठरते.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा थोरला सातवीत होता. आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागला बहिणीकडे. शाळा बेमुदत बंद, असा मेसेज आला. जवळच्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केलेली होती, तिथं चादरी द्यायला त्याला घेऊन गेलो. वर्गात बाकं भिंतीला सारून एका कुटुंबाने चूल-भांडी मांडलेली. फळ्यावर आदल्या आठवड्याची तारीख आणि 'आजचा सुविचार' तसाच. पोरगं बराच वेळ बघत राहिलं आणि घरी येऊन आजीला म्हणालं, "शाळा बंद नाही, आत माणसं राहतात." मेसेज वाचून मी तिला 'सुट्टी आहे' एवढंच सांगितलं होतं. बातमी त्याची बरोबर होती, माझी नव्हती.

अवांतर झालं. पण तेव्हापासून आमच्या घरात शाळेचं काहीही असलं की आधी पोराला विचारतात.

भडंग_की_पेढा
६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

आयर्विन पूल आला की सांगलीकर वादात जिंकतात. सातारकरांनी गप कंदी पेढा खावा.

गोडोलीचा_गडी
६ नोव्हेंबर, दुपारी १:३४

पुलाचं राहू द्या, पाणी आमच्याकडनंच सोडतो आम्ही 😀

खडू_आणि_डस्टर
६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

वर्गशिक्षिका आहे, इयत्ता आठवी. गाव सांगत नाही. पावणेअकराचा मेसेज टाकणारी ती बाई मीच असू शकले असते, म्हणून लिहिते.

वरून पत्र येतं संध्याकाळी सहाला. "उद्या अमुक उपक्रम राबवून फोटोसह अहवाल अकरापर्यंत सादर करावा." मी तोवर मतदार यादीच्या कामासाठी एका गल्लीत दारं ठोठावत असते. घरी येऊन भाकऱ्या होतात, पोरं जेवतात, मग फोन हातात येतो. तेव्हा पावणेअकराच वाजलेले असतात. आनंदाने नाही टाकत हो. आणि टाकला की अकराला विचारणा सुरू: "वायर कुठल्या रंगाची?" "थर्माकोल केवढा?" "आमचा नातू आजारी आहे तर त्याचा बल्ब चालेल का?"

पण ही झाली एक बाजू. दुसरीही ऐका. बहुतेक वेळा मी तीच सूचना दुपारीच फळ्यावर लिहिलेली असते. अर्ध्याहून जास्त पोरं उतरवूनही घेतात. तरी संध्याकाळी घरी त्यांना कुणी विचारत नाही, कारण 'ग्रुपवर येईलच'. आणि ग्रुपवर येणारच आहे हे पोरांनाही कळलंय, मग तीही सांगायचं सोडतात. माझ्या वर्गातला एक जण परवा स्पष्टच म्हणाला, "बाई, तुम्ही मम्मीला टाका ना, मला कशाला लिहायला लावता?" आठवीतला मुलगा, मिसरूड फुटायला आलंय!

हिशेबी_बाप
६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पोरांच्या भरवशावर नको. आमच्या सातवीतल्या सुपुत्राने सहलीची चिठ्ठी महिनाभर दप्तरात ठेवली. सापडली तेव्हा तिच्यावर केळं फुटलेलं. पैसे भरायची मुदत गेली, गाडीत जागा नाही, आणि घरात रडारड कुणाची? त्याची नाही, त्याच्या आजीची. लेखी मेसेज पालकाला, थेट, आणि आठ दिवस आधी. बाकी सगळं कौतुक नंतर.

निवृत्त_मास्तर
७ नोव्हेंबर, पहाटे ५:४०

सर्वांस नमस्कार. माझी बत्तीस वर्षं याच वयाच्या पोरांत गेली, सहावी ते आठवी. हे वय मोठं गमतीचं. त्यांना लहान म्हटलं तर राग येतो आणि मोठं म्हणून काम सांगितलं तर चप्पल सापडत नाही.

सूचना वही आठवते का कुणाला? लाल पुठ्ठ्याची, शिपाई मामा वर्गावर वर्ग फिरवायचे. बाई धडा थांबवून वाचायच्या आणि सही करायच्या. "उद्या अर्धी शाळा" एवढे तीन शब्द कानावर पडले की पुढची सूचना कुणाच्याच कानात शिरत नसे. तेव्हाही निम्म्या बातम्या घरी पोचत नव्हत्या, उगाच जुन्याचं कौतुक नको.

वाई तालुक्यात असताना मी परिपाठातल्या बातम्यांना कंटाळलो. पोरं पेपरातलं पहिलं पान वाचून दाखवायची. कुठल्या देशाचे पंतप्रधान कुठे गेले, सगळं सांगायची. आणि शाळेमागच्या हौदाला गळती लागली होती, पाण्यात पाय भिजवत सगळे वर्गात येत होते, ती बातमी कुणाचीच नव्हती. मग व्हरांड्यातला एक पाय मोडका फळा मी सातवीच्या ताब्यात दिला. दर सोमवारी नवी जोडी. अट एकच, बातमी आपल्याच शाळेची हवी आणि कोण, काय, कधी, कुठे यातलं एकही सुटता कामा नये. वर 'झालेलं', खाली 'येणारं'.

पहिली बातमी आली ती हौदाची. मुख्याध्यापक माझ्यावर चिडले. पण पालक दाराशी थांबून वाचायला लागले, आणि पंधरा दिवसांत गवंडी आला.

फजितीही सांगतो. एका जोडीने लिहिलं, "उद्या सर रजेवर आहेत." कोणते सर ते नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी आठवीतली निम्मी पोरं नदीवर सापडली. त्यानंतर 'कोण' या शब्दावर मी एक अख्खा तास घेतला.

पावसाची झड आली की फळा पुसला जाई. परत लिहावं लागे. दुसऱ्यांदा लिहिताना पोरांची वाक्यं आपोआप आखूड होत. निबंधात मला जे वर्षभर जमलं नाही ते पावसाने दोन आठवड्यांत केलं.

चार_भिंती
७ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मास्तर, दंडवत. 'कोणते सर' वाचून चहा सांडला.

मी_माणदेशी
७ नोव्हेंबर, दुपारी १२:२५

आमचं गाव माण तालुक्यात. वडील मुंबईला माथाडी, आई त्यांच्याबरोबर, मी आजीपाशी. आजीला अक्षरओळख नव्हती. शाळेची बातमी म्हणजे मी सांगेन ती. मग मीही जरा संपादन करायचो. पालक सभेची चिठ्ठी आली की सांगायचो, "हुशार पोरांच्या पालकांना बोलावलंय." आजी म्हणायची, "मग आपल्याला न्हाई." दोन वर्षं चाललं.

सातवीत गुरुजी स्वतःच घरी आले. आजीने चहा ठेवला आणि त्यांना विचारलं, "यंदा आमचा हुशार झाला व्हय?" गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. आजवर तसं कुणी बघितलेलं नाही. पण बोलले नाहीत. म्हणाले, "व्हय आजी, म्हणून तर आलोय." आणि बाहेर पडताना माझ्या कानाशी, "पुढची चिठ्ठी नीट वाचून दाखव, मला कळतंय."

त्यानंतर वाचून दाखवली. सगळी. गणितात नापास झालेली सुद्धा.

खडू_आणि_डस्टर
७ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

माणदेशी, हे वाचून मधल्या सुट्टीत रडले, आता पाचवा तास आहे.

श्वास
७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

धागा सगळा एकाच दिशेला वाहायला लागलाय, म्हणून विरोधी मत.

माझ्या मुलाला दमा आहे, सहावीत आहे. गेल्या वर्षी त्याच्या शाळेने मैदानी स्पर्धांच्या सरावाची वेळ बदलून सकाळी सातची केली. मुलांना सांगितलं, पालकांना नाही. थंडीचे दिवस. माझ्या मुलाने सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी पाठवलं नसतं, आणि त्याला पळायचं होतं. तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला, तेव्हा कळलं. पंप दप्तरात होता म्हणून निभावलं.

मुलांवर विश्वास टाका, जबाबदारी द्या, सगळं मान्य. पण त्या वयाचं मूल बातमी सांगताना स्वतःच्या सोयीने सांगणारच, माणदेशी यांनी हसत हसत तेच लिहिलंय. औषध, पैसे, आणि गावाबाहेर जाणं, या तीन गोष्टी शाळेने पालकाला थेट कळवल्याच पाहिजेत, आणि पालकाने 'वाचलं' असं उत्तर दिलंच पाहिजे. फळा कितीही चांगला असो.

निवृत्त_मास्तर
७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

तुमचं बरोबर आहे. मी फळ्याच्या प्रेमात हे विसरलो होतो.

हिशेबी_बाप
७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

ताईंना अनुमोदन. त्या यादीत केळंही घाला.

भडंग_की_पेढा
८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

सहलीचा विषय निघालाच आहे तर: सहावी ते आठवी तिन्ही वर्षं प्रतापगड-महाबळेश्वर बघितलेला मी एकटाच आहे का?

चार_भिंती
८ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

एकटे नाही. एसटी शालेय सहलीला ५० टक्के सवलत देते, गुरुजी एका दिवसात परत यायचं बघतात, मग गाडी ठरलेल्या घाटानेच जाते. त्यापेक्षा त्याच वाटेवर भिलारला उतरवा म्हणावं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं ठेवलीत. पोरं आधी स्ट्रॉबेरीकडे पळतात हे खरं, पण दोन-चार तरी कुणाच्या ओसरीवर बसून राहतात आणि मोजदाद करताना सापडत नाहीत.

आणि कृपा करून डिसेंबरात कासला नेऊ नका. फुलांचा बहर सप्टेंबरच्या आसपासचा. डिसेंबरात वाळकं गवत आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी. मी ती पाटी बघितलेली पोरं बघितली आहेत.

गोडोलीचा_गडी
८ नोव्हेंबर, सकाळी ११:३१

आमचा पोरगा कासवरनं आला आणि म्हणला, पप्पा, तिथं तोडायला कायच नव्हतं.

गुणपत्रिका
९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

सहलीतून परत या, धागाकर्तीने पुढे काय हेही विचारलं होतं. परीक्षांचं कुणीच लिहिलं नाही.

मुलगी सहावीत म्हणजे होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा यंदाच होती, ती सहावी आणि नववीलाच असते. अर्ज पहिल्या सत्रात भरतात, तेव्हा भरला नसेल तर आता नववीत बघा. शिष्यवृत्ती मात्र लक्षात ठेवा. पूर्वी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झालाय. म्हणजे तुमच्याकडे पुढचं वर्ष शिष्यवृत्तीचं. आजवरचं स्वरूप असं, की दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर, एकात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. बुद्धिमत्तेच्या कोड्यांना आत्तापासून रविवारी अर्धा तास दिला तरी पुरतो. क्लासवाल्यांच्या जाहिरातींना घाबरू नका.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट साधारण आठवी-नववीत देतात. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आली तर दहावीला ७ गुण वाढतात, 'ब' ला ५, 'क' ला ३. चित्रकलेचे सर दुपारी थांबवून घेत असतील तर कुरकुर करू नका.

आणि जी बातमी ग्रुपवर सगळ्यात खाली जाते ती इथं ठळक लिहिते. एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीत देतात. शासकीय किंवा अनुदानित शाळेतली मुलं, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५०. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ज्या घराला हे बारा हजार खरोखर लागतात त्या घरात बहुतेक वेळा स्मार्टफोन दिवसभर बापाच्या खिशात, रानात किंवा ट्रकवर असतो. तुमच्या कामवाल्या मावशींचं, दूधवाल्याचं मूल सातवी-आठवीत असेल तर तोंडाने सांगा.

मी_माणदेशी
९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१०

शेवटच्या परिच्छेदाला सलाम. आमच्या बाकावरच्या एकाची अशीच एक परीक्षा हुकली होती. माझ्यापेक्षा दुप्पट हुशार पोरगं. चिठ्ठी घरी गेली, वाचणारं कुणी नव्हतं.

कायद्याचं_बोला
९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. तहसीलच्या रांगेला शाळेचं वेळापत्रक माहीत नसतं.

संगमाकाठची (धागाकर्ती)
२३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उशिरा आले, माफ करा. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, घरातही वाचून दाखवले. 'आमचा हुशार झाला व्हय' हे आता आमच्या घरातलं वाक्य झालंय.

एक प्रयोग चालू केलाय. ग्रुप म्यूट केला. श्वास ताईंच्या तीन गोष्टी तेवढ्या दिवसातून एकदा बघते. बाकीची बातमी लेकीने आणायची. दारामागे कॅलेंडर लावलंय, पेन तिच्या ताब्यात. मी विचारायचं नाही, तिने लिहायचं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही, म्हणून मी विचारलं (नियम मोडला), तर "काऽऽही नाही" असं उत्तर. तिसऱ्या दिवशी मी कांदा चिरत होते तर आपणहून म्हणाली, "खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा हात भाजलाय, म्हणून उद्या डबा न्यायचाय." ग्रुपवर फक्त 'उद्या डबा आणणे' एवढंच होतं. हात भाजल्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं. मग आम्ही दोघी मलम घेऊन गेलो.

आता जे लिहायला आले ते. गॅदरिंगच्या नाचाची यादी ग्रुपवर आली. म्यूट असला तरी नाचाची यादी कुठली आई सोडेल? बघितली. तिचं नाव नव्हतं. गणपतीपासून आरशासमोर सराव चालला होता हिचा. मी फोन पालथा ठेवला. ती आली, दप्तर टाकलं, कॅलेंडरवर लिहिलं, 'शनिवार बिनदप्तर'. दुसरं काही नाही. रात्री नीट जेवली नाही. नवरा म्हणाला, विचार ना तिला. मी म्हटलं, नको. दुसऱ्या दिवशीही तेच. थर्माकोल शोधणं यापेक्षा कितीतरी सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी चपात्या लाटायला माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाचात मी नाहीये." मी म्हटलं, "बरं." मग एक चपाती पूर्ण लाटून झाल्यावर: "पडदा ओढायला मी आणि माझी मैत्रीण आहोत. पडदा चुकला तर सगळ्यांचा नाच वाया जातो, माहितीये?"

मला आधीच माहीत होतं हे तिला अजून सांगितलेलं नाही. सांगावं का?

खडू_आणि_डस्टर
२३ नोव्हेंबर, रात्री ९:२८

नका सांगू. आणि निवडीच्या याद्या ग्रुपवर टाकणं मी उद्यापासून बंद करते आहे. आधी वर्गात सांगेन, पोरांना एक-दोन दिवस देईन, मग टाकेन. हे आजवर डोक्यात आलं नव्हतं.

श्वास
२३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मी सांगितलं असतं. पण मी असते तर तीन दिवस थांबलेही नसते, त्यामुळे माझं ऐकू नका.

निवृत्त_मास्तर
२४ नोव्हेंबर, पहाटे ५:३५

पडदा ओढणाऱ्यांना तालमीला सगळ्यांच्या आधी यावं लागतं आणि जायला सगळ्यांच्या शेवटी. वेळ तिला नीट विचारून घ्यायला सांगा. आणि सुती हातरुमाल द्या, दोरीने तळहात सोलवटतात.

आयर्विन_४०_फूट
२४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

सांगलीची नात पडद्याशी गेली, म्हणजे घरचंच काम. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हा पडद्याशी कुणीतरी असेलच की. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही, म्हणून कॅलेंडरवर तिच्याकडून तिचं लिहून घ्या.

भडंग_की_पेढा
२४ नोव्हेंबर, सकाळी ९:०४

घ्या. सांगलीकर पुन्हा जिंकले.

संगमाकाठची (धागाकर्ती)
२४ नोव्हेंबर, रात्री १०:४२

हातरुमाल दिला मास्तर. आणि ताजी बातमी: परवा संविधान दिनाला पांढरा ड्रेस. लेकीने संध्याकाळी पाचलाच सांगितलं, कॅलेंडरवर आहे. धुऊन वाळत घातलाय.

गोडोलीचा_गडी
२४ नोव्हेंबर, रात्री १०:४५

आमचा पठ्ठ्या म्हणतोय गणवेशच. ग्रुपवर दोन्ही नाय. कोणाचं खरं?

संगमाकाठची (धागाकर्ती)
२४ नोव्हेंबर, रात्री १०:४६

थांबा, उठवते तिला.